कंदुरी, कुत्र्याची पिल्लं आणि आमची चौथी

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात, दोन शिक्षकी. पहिली ते चौथी मिळून पोरं किती हे दिवाळीनंतर विचारू नका, कारण निम्मी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात.

तर झालं असं, मागच्या वर्षी 10 फेब्रुवारीला जंतनाशक दिन होता, अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी, सगळ्यांना समोर उभं करून चावून खायला लावायची. मला वाटलं नुसती गोळी काय द्यायची, जंत येतात कुठून ते पण सांगू. नि तिथंच फसलो. फळ्यावर हे एवढा मोठा जंत काढला, म्हणलं कुत्र्याच्या पोटात पण असतात, त्याच्या विष्ठेतून अंडी मातीत पडतात, तुम्ही मातीत खेळता, तेच हात तोंडात घालता, झालं. लेकरं एकदम गप. दुसऱ्या दिवशी बघतो तर हातपंपाजवळच्या पिल्लांना दोघंजण दगडं मारायलेत नि तिसरीतली एक पोरगी भोकाड पसरून रडायली, तिच्या घरच्यांनी मोत्याला रानात सोडून यायचं ठरवलेलं. माझीच चूक होती ही. भीती घातली की लेकरू कुत्र्याला मारतं, हात काही धूत नाही.

यंदा फळा बाजूलाच ठेवला. जत्रेतला उरलेला गुलाल आणला, सकाळी चौथीतल्या एकाच्या तळहाताला चोळला नि म्हणलं जा, रोजच्यासारखं खेळ. खिचडीच्या पंगतीला बसवलं तेव्हा गुलाल कुठंकुठं होता? लंगडी खेळलेल्या तिघांच्या हातावर, दप्तराच्या बंदावर, पाण्याच्या तांब्यावर, त्याच्या स्वतःच्या नाकाखाली. "सर, म्या त्याला शिवलोच नाई" म्हणणाऱ्याच्या कानाला पण. मग सांगितलं की गुलाल दिसतो तरी, अंडी डोळ्याला दिसतच नाहीत. त्या दिवशी साबणासाठी रांग लागली (साबण दोन दिवसात गायब झाला ती गोष्ट वेगळी, नि टाकीत पाणी नसतं ती आणखी वेगळी).

पण खरं सांगायचं होतं ते कंदुरीचं. आमच्याकडं नवस फेडायला बोकड कापतात, आतडी, काळजाचा (म्हणजे यकृताचा) खराब तुकडा वगैरे कुत्र्यापुढं फेकायचं काम पोरांकडंच असतं, नि त्यात त्यांना लई मजा येते. शेळ्यामेंढ्यांच्या काळजात, फुप्फुसात कधीकधी पाण्याच्या गाठी असतात, खाटकाला विचारा, त्यानं बघितलेल्या असतात. ती गाठ कुत्र्यानं खाल्ली की त्याच्या आतड्यात फीतकृमी (फितीसारखे चपटे जंत) होतात, तांदळाच्या दाण्याहून मोठे नाहीत, कुत्रं एकदम ठणठणीत दिसतं. मग विष्ठेतून अंडी चाऱ्यावर, मातीत, त्याच्या स्वतःच्या केसांना. शेळीनं चारा खाल्ला की तिला परत गाठ, नि आपण कुत्र्याला कुरवाळून तसंच भाकरीला हात घातला की आपल्याला. माणसात बहुतेक वेळा काळजात होते, वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, कळतच नाही. नि फेब्रुवारीतल्या त्या एका गोळीनं ती जात नसते.

हे अंगणात खडूनं गोल काढून खेळवलं, एक बोकड, एक कुत्रं, एक माती, एक लेकरू. मग विचारलं, हे चक्कर तोडायचं कुठं? एक म्हणला हात धुवायचे, एक म्हणली कुत्र्याला पण जंताची गोळी द्यायची (बरोबर, जनावराच्या डॉक्टरला विचारून, नि नुसती एकदाच देऊन भागत नाही). पिल्लांचं वेगळं, त्यांच्या पोटातल्या गोल जंताची अंडी मातीत पडल्यावर दोनतीन आठवड्यांनी बाधायला लागतात, म्हणून खेळायच्या जागेवरची घाण त्याच दिवशी उचलायची, फावड्यानं, हातानं नाही, हे मी तीनदा सांगितलं कारण आमच्या पोरांचा कशाचा भरवसा नाही. नि मागं बसणारा, कधी न बोलणारा एक पोरगा म्हणला, "सर, आतडी कुत्र्याला टाकायचीच कामून?"

आता हे पोरगं पुढच्याच आठवड्यात मामाच्या कंदुरीत आडवं आलं म्हणे, आतड्यांची पाटी घेऊन उभं, देईचना. म्हाताऱ्यानं चांगलंच झापलं, लई शाना झालास का म्हणून. शेवटी पोराच्या नादानं खड्डा केला, वीतभर, रात्री कुत्र्यांनी उकरून सगळं खाल्लं.

सोमवारी त्याचा बाप शाळेच्या गेटवर. मला वाटलं आता भांडण. गाडी स्टँडला लावली, टोपी सारखी केली नि म्हणला, "सर, तुमी पोरायला शिकवलं ते खरं, पण खड्डा किती खोल घ्यायचा ते सांगितलंच नाई की." म्हणलं कमरेएवढा घ्या, वरून मोठे धोंडे ठेवा. म्हणला, खडक लागतो हो इथं हातभरावर. मग आम्ही दोघं उभ्या उभ्या गावात माती कुठं खोल आहे तेच बोलत बसलो, परिपाठाची घंटा झाली तरी.