मुका बोल्ट

मोटरसायकलचा जुना बोल्ट सुटताना ओरडतो. तो 'कर्रर' आवाज कितीही दाताला झोंबला तरी शुभशकुन समजावा; आत गंज फुटतोय. भीती मुक्याची. पाना फिरतोय, आवाज नाही, आणि हाताला घट्टपणाऐवजी एक मऊपणा लागतोय, ओल्या सुंभाला पीळ द्यावा तसा. तेव्हा बोल्ट सुटत नसतो, पिळवटत असतो. पाव फेरा आणखी, आणि टक्! डोकं पान्यात, धड इंजिनात.

ज्याला आपण 'दहाचा बोल्ट' म्हणतो तो पान्याच्या मापाने दहाचा. अंगाने तो ६ मिमी, आणि आट्यांच्या खाचेत मोजला तर पाचाच्याही आत. वीतभर पान्याच्या टोकाला चार-पाच किलोंचा जोर, एवढ्यावर तो कसलेला असतो. त्याच्यावर आपण पाइप घालून लांब केलेला पाना चढवतो आणि वर म्हणतो, हल्ली मालच चांगला येत नाही.

घरच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त छळतात ते बेंड पाइपचे, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीचे, दोन स्टड (बिनडोक्याचे बोल्ट). पुढच्या चाकाचा चिखल, पावसाचं पाणी, धुलाईचा फवारा, सगळं त्यांच्याच तोंडावर. वरून इंजिनाची धग. पोलादी स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या माथ्यात, बसलेला. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल, म्हणजे गंजाची चूलच पेटली. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा खातो, म्हणून आट्यांमधली फट पांढऱ्या भुकटीने ठासून भरते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं.

उपाय आदल्या रात्रीच सुरू करावा. तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करायचे, पेनिट्रेटिंग ऑइल (फटीत झिरपणारं पातळ तेल) सोडायचं, हातोडीने डोक्यावर हलके ठोके द्यायचे, पुन्हा तेल. ठोक्यांनी गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. नुसतं तेल ओतून काम पुढे सरकत नाही. पाना सहा पैलूंचा गोटी पाना (सॉकेट) हवा. बारा पैलूंचा रिंग पाना कोपऱ्यांवर धरतो आणि गंजलेलं डोकं गोल करून टाकतो. बोल्ट जरा हलला की उलट थोडा घट्ट करायचा, पुन्हा सोडायचा. अर्धा पुढे, पाव मागे.

तरी हलला नाही तर उष्णता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून तापवायचं ते बोल्टभोवतीचं हेड, बोल्ट नव्हे. पाण्याचा थेंब घावनाच्या तव्यावर उडतो तसा चर्रकन उडाला की पुरे. ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होऊन इशारा देत नाही, त्यामुळे ज्योतीपेक्षा हॉट एअर गन बरी. टाकी आधी उतरवून लांब ठेवायची आणि सांडलेलं तेल पुसून घ्यायचं. ब्रेक डिस्कच्या बोल्टला कंपनीतूनच थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावलेलं असतं. लाल जातीचं असेल तर ते सुमारे २५० अंशांशिवाय ढिलं पडत नाही.

इंजिन कव्हरचे चौफुली स्क्रू ही वेगळी जात. जपानी घडणीच्या गाड्यांवर डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर तो जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचा. साधा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, वर उचलला जातो आणि खाच खाऊन टाकतो. ६ मिमी स्क्रूला तीन नंबरचं टोक आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. ठोक्यासरशी तो दाबतो आणि फिरवतोही.

आता तुटलाच तर. दुकानात तुटका बोल्ट काढायचं 'ईझी आऊट' मिळतं, बोल्टला भोक पाडून त्यात उलटं पिळायचं हत्यार; नावातच थट्टा. ते निमुळतं असल्याने आत जाताना बोल्टलाच फुगवतं, म्हणजे जाम झालेला आणखी जाम. शिवाय त्याचं पोलाद कडक आणि ठिसूळ. ते आत तुटलं तर साधा ड्रिल त्याच्यावर नुसता घसरतो, आणि मग भोसरीसारख्या औद्योगिक पट्ट्यात स्पार्क इरोजनवाला (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारा) गाठावा लागतो. जरा तुकडा बाहेर असेल तर त्यावर ८ मिमी आट्यांचा नट ठेवून आतून वेल्डिंगने भरणं कधीही सरस: पकडायला डोकं मिळतं आणि उष्णतेचा धक्काही. लाली पूर्ण गेल्यावरच पाना लावायचा. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवायची. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, असतो; वेल्डिंगच्या विजेने तो जळू शकतो.

तुकडा आत असेल तर ड्रिलच. तुटलेलं तोंड वेडंवाकडं असतं आणि शेजारचं ॲल्युमिनियम मऊ, म्हणून ड्रिल तिकडेच पळतो. तोंड सपाट करून बरोबर मध्यावर पंच मारायचा. या एका ठोक्याला दहा मिनिटं लागली तरी लागू द्यावीत. आधी ३ मिमी, मग ४, मग ४.८, वेग कमी, तेलाचे थेंब चालू. मध्य साधला असेल तर बोल्टची फक्त आट्यांची कड उरते. ती टोचणीने उचकटली की शेवेच्या वेटोळ्यासारखी बाहेर येते. मग ६ × १ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार; ६ मिमी जाडी, १ मिमी आट्यांचं अंतर) हाताने फिरवायचा. मध्य चुकला तर आटे जातात आणि हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवावी लागते.

बसवताना मात्र बोल्ट मुकाच हवा. पहिले चार-पाच आटे बोटांनी, पान्याशिवाय. कुरकुरला तर तिरका लागलाय, काढा. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, ते पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्याच जागी खोचून ठेवावेत. लांब बोल्ट आखूड भोकात तळाला टेकतो आणि पुन्हा टक्! बेंड पाइपच्या स्टडला तांब्याचं ग्रीस, आणि ग्रीस लावलं म्हणून आवळायचा जोर थोडा कमी.