फक्त बिअर घेतो म्हणे!

आमच्याकडे कुणाला 'घेतोस का' विचारलं की निम्म्यांचं उत्तर ठरलेलं, छे रे, मी फक्त बिअर. जणू बिअर म्हणजे लिंबू सरबताची थोरली बहीण. अरे एकदा हिशोब तरी करा राव. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये साधारण १० ग्रॅम. आणि ८ टक्केवाल्या स्ट्राँगची ६५० मिलीची बाटली? ४१ ग्रॅम. झाले की चार पेग, आणि हा चकणा संपवून म्हणणार आज काही घेतलीच नाही.

बरं, लोकांना भीती फक्त लिव्हरची. पण दारूचं पोटात गेल्यावर अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं आणि ते पेशींमधल्या डीएनएची वाट लावतं, त्यामुळे तोंड, घसा, अन्ननलिका, मोठं आतडं, बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर, सगळ्यांचाच धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने १९८८ मध्येच दारूला तंबाखूच्याच गटात टाकलंय. आणि बैठकीत ह्या दोन्ही सोबतच असतात ना, एका हातात ग्लास दुसऱ्या हातात सिगरेट नाहीतर मळलेली तंबाखू, तेव्हा तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरचा धोका बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो.

'थोडी हार्टला चांगली असते' हे पण ऐकून कान किटले. त्या जुन्या अभ्यासांपैकी बऱ्याच ठिकाणी 'न पिणारे' म्हणून धरलेल्यांत आजारपणामुळे सोडलेले लोकही होते, मग पिणारे त्यांच्यापुढे ठणठणीत दिसणारच की!

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या दिवशीच्या सकाळची. शरीर तासाला जेमतेम एखादा स्मॉल पेग उतरवतं, त्यात कडक चहा, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ यांनी काडीचा फरक पडत नाही, नुसतं फ्रेश वाटतं. म्हणजे रात्री बारापर्यंत दोन स्ट्राँग रिचवलेला गडी सकाळी सातला बाईक काढतो तेव्हा ती रक्तात अजून शिल्लक असू शकते. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, एवढीशी.

तेव्हा गटारीला आमच्याकडे बसायचं असेल तर किल्ल्या आल्या आल्या बायकोकडे जमा करायच्या, आणि सकाळी पोहे खाल्ल्यावर लगेच मागायच्या नाहीत, दुपारचं जेवून जा.