केटी आजी आणि कॉपर नदीचे मासे

अलास्का म्हटलं की घरून बर्फाची नाहीतर अस्वलांची चौकशी होते. इथल्या माणसांबद्दल फारसं कुणी विचारत नाही, म्हणून आज केटी जॉन यांच्याबद्दल लिहितेय.

अहत्ना अथाबास्कन या अलास्काच्या मूळ रहिवासी समाजातल्या या आजी 1915 साली कॉपर नदीच्या वरच्या अंगाला, स्लानाजवळ जन्मल्या. लग्नानंतर मेंटास्टा गावात राहिल्या. दर उन्हाळ्यात बॅट्झुलनेटासला, म्हणजे तनाडा ओढा कॉपर नदीला मिळतो तिथे, त्यांची माणसं सॅमन धरायची. चिरून, वाळवून, धुरी देऊन ठेवलेल्या त्या माशांवर हिवाळा निघायचा. या नदीवर मासे धरायला फिश व्हील लावतात. आपल्या रहाटासारखंच ते, फक्त बैलाऐवजी प्रवाहच चाक फिरवतो आणि जाळीच्या टोपल्या मासे वर उचलतात.

1964 मध्ये राज्य सरकारने बॅट्झुलनेटासची मासेमारी बंद केली. खाली मुखाकडे व्यापारी बोटी आणि हौशी गळवाले मात्र त्याच नदीचा सॅमन धरत राहिले! हे वाचलं तेव्हा आलेला संताप अजून उतरलेला नाही.

1984 मध्ये केटी आजी आणि डोरिस चार्ल्स यांनी परवानगी मागितली. नकार आल्यावर पुढच्या वर्षी त्या कोर्टात गेल्या. पोटापुरत्या शिकारीत आणि मासेमारीत ग्रामीण रहिवाशांना प्राधान्य देणारा केंद्राचा कायदा 1980 मध्येच झाला होता. पण होड्या चालतात अशा नद्यांचं पाणी त्या कायद्यात येत नाही, असं राज्याचं म्हणणं. 1995 मध्ये अपील कोर्टाने आजींची बाजू उचलून धरली, तरी राज्य मागे हटेना. शेवटी 2001 मध्ये गव्हर्नर टोनी नोल्स स्वतः बॅट्झुलनेटासला जाऊन त्यांच्याशी बोलले आणि सर्वोच्च न्यायालयात जायचं नाही असं त्यांनी ठरवलं.

इंग्रजी उशिरा शिकलेल्या या बाईंनी 1970 च्या दशकात अहत्ना भाषेची वर्णमाला बसवायलाही मदत केली. हे काम मला खटल्याइतकंच मोठं वाटतं.

2013 मध्ये आजी गेल्या. त्यानंतरही राज्याने पुन्हा प्रयत्न केला, पण 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकायलाच नकार दिला. मी अँकरेजसारख्या शहरात राहते, त्यामुळे ग्रामीण प्राधान्य मला मिळत नाही. आणि ते मिळूही नये.