दोनशे पावलांचं येऊर

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जायचं ठरलं तेव्हा बेत अगदी पक्का होता. उपवन तलावाकडून चढायचं, दहाएक झाडं ओळखून दाखवायची, अकराला खाली उतरून वडापाव. सोबत सात वर्षांचा भाचा आणि शेजारच्या दोघी. जंगलखात्याच्या फाटकापासून दोनशे पावलंही झाली नसतील, तोच तिघं उकिडवी बसली. पुढचा तास उठलीच नाहीत.

त्याआधी मी एक ऐन दाखवला होता. "हा ऐन. खोड बघ, मगरीच्या पाठीसारखं." तिघंही "हं" म्हणाली. हं म्हणजे प्रकरण मिटलं. नाव सांगून टाकलं की बघणं संपतं. माझंही तसंच होतं म्हणा.

इथे मात्र मी गप्प राहिले, कारण डोकं घालायला जागाच नव्हती. खालच्या फांदीवर लाल मुंग्या दोन पानं एकमेकांकडे ओढत होत्या. एकीची कंबर दुसरीने धरलेली, तिची तिसरीने; आगगाडीच जणू. पानांच्या कडा टेकल्या तशी आतून एक मुंगी आली, तोंडात पांढरा तांदळाएवढा दाणा.

"आत्या, तिने भात आणला!"

भात नव्हे, तिच्याच घरट्यातली अळी. मोठ्या मुंगीला रेशीम काढता येत नाही, अळीला येतं. म्हणून अळीला दाभणासारखी धरून या कडेवरून त्या कडेवर टेकवायची, की पानं शिवली जातात. स्वतःच्या कोषासाठी मग तिच्याकडे रेशीम उरत नाही.

"म्हणजे बाळाला कामाला लावतात?" धाकटी भयंकर चिडली. बराच वाद झाला. मध्येच एक ओंबील (गावी आम्ही या लाल मुंगीला हेच म्हणतो) माझ्या घोट्याला कडकडून चावली. वाद मिटला, सगळे हसले.

उतरताना वाळकी कारवी दिसली, आठ वर्षांनी एकदाच फुलणारं झुडूप. ही २०१६ला फुलली, नंतर एकदम २०२४ला. आता थेट पुढच्या खेपेपर्यंत थांबायचं. वहीत हमखास हातचा विसरणारा भाचा बोटं मोडत म्हणाला, "२०३२! तेव्हा मी नववीत." आणि एवढं थांबायचं म्हणून त्या काड्यांवरच रुसला.

वडापाव दीड वाजता मिळाला, तोही गार.

दोन दिवसांनी वहिनीचा फोन. "तुझ्या भाच्याला जरा समजाव." कुंडीतल्या कढीपत्त्यावर याला पक्ष्याची शिट दिसली, आणि ती चालायला लागली. फुलपाखराची अळी ती. लहानपणी असंच सोंग घेते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. आता कुंडीपुढे पाट टाकून हा पहाऱ्याला बसलाय. आठवडाभर आमटीला फोडणी नुसत्या मोहरी-हिंगाची.