विणकामाच्या मशीनवर सुती सूत चालवताना: माझा अनुभव

विणकामाच्या मशीनवर कोणता धागा चालतो, असे विचारले की दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते: "सगळा चालतो, ताई." हे उत्तर ऐकून ऐकून माझा संयम संपला, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहून ठेवत आहे. माझ्याकडे ब्रदर कंपनीचे, घरी हाताने चालवायचे जुने जपानी मशीन आहे. त्याला 200 सुया असून दोन सुयांमधील अंतर 4.5 मिलिमीटर आहे, म्हणजे सुयांची संपूर्ण रांग 90 सेंटिमीटर रुंद होते. अशा मशीनला साधारणपणे एका ग्रॅममध्ये चार ते सहा मीटर भरणारा धागा मानवतो. याहून फार जाड धागा सुईच्या जिभेखाली (सुईचा आकडा मिटणाऱ्या छोट्या पातीखाली) मावत नाही, आणि बारीक असेल तर दोन-तीन धागे एकत्र लावून तेवढी जाडी आणावी लागते. एवढे समजले की निम्मे प्रश्न सुटतात. उरलेले निम्मे सुती धाग्यापाशी येऊन अडतात.

ॲक्रिलिकबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, कारण त्याने कधी त्रास दिला नाही. लुधियानाकडून येणाऱ्या कोनवर, म्हणजे शंकूसारख्या पुठ्ठ्यावर गुंडाळलेल्या धाग्यावर, 2/32 असे छापलेले असते. मेट्रिक पद्धतीने याचा अर्थ 32 नंबरचे (ग्रॅमला 32 मीटर भरणारे) दोन पदर, म्हणजे एकत्रित धागा ग्रॅमला 16 मीटर. असे तीन कोन एकत्र लावले की ग्रॅमला सव्वापाच मीटरच्या आसपास जाडी येते आणि मशीन लोण्यासारखे चालते. हातविणकामाचे चारपदरी गुंडेही चालतात, मात्र ते आधी वाइंडरवर, म्हणजे धागा गुंडाळण्याच्या यंत्रावर, पुन्हा गुंडाळून घ्यावेत, कारण दुकानातला गुंडा उलगडताना हिसके देतो आणि प्रत्येक हिसक्याला कडेचा एक टाका गळतो. ॲक्रिलिकवर वाफेची इस्त्री मात्र कधीही टेकवू नये. कापड क्षणात लुळे पडते, मनगटाच्या व कमरेच्या पट्टीतला ताण कायमचा जातो, आणि कितीही धुतले तरी तो परत येत नाही.

मेरिनो लोकर त्याहून सुखाची असते, फक्त कोनवरच्या लोकरीला कारखान्यात तेल लावलेले असते, त्यामुळे विणल्यावर कापड विरळ आणि काहीसे चिकट वाटते. कोमट पाण्यात धुतल्यावर ती फुलते व टाके भरून येतात. दख्खनी मेंढीची हातकताईची लोकरही मी मशीनवर लावून पाहिली. तिचा धागा एका वितीत जाड आणि पुढच्या वितीत बारीक असतो, त्यामुळे जाड भाग ताणाच्या चकतीत (धागा दाबून त्याला ताण देणाऱ्या भागात) अडकतो आणि बारीक भाग तुटतो. ती लोकर घोंगडीच्या मागावरच शोभते, आणि तिथे तिला तोड नाही.

आता मूळ विषय. कोल्हापुरात स्वेटर लागेल अशी थंडी जेमतेम दोन-अडीच महिने पडते, आणि तीही सकाळी व रात्री. भाचीच्या बाळाला ॲक्रिलिकने मानेवर पुरळ येत असे, म्हणून सुती स्वेटर विणण्याचे ठरवले. सूत म्हणजे इचलकरंजी, आणि ती आमच्या शेजारीच असल्यामुळे हे सर्वांत सोपे काम ठरेल असे घरातील सर्वांनाच वाटत होते. प्रत्यक्षात मात्र यंत्रमागाच्या गावात विणकामाच्या मशीनसाठी सूत मागणे हा स्वतंत्र उपद्व्याप आहे. तेथील व्यवहार गोणीवर चालतो. दोन कोन मागणाऱ्या बाईकडे पाहण्याची दृष्टीच निराळी असते. एका व्यापाऱ्याकडे मी होजिअरीचे, कमी पिळाचे, दुपदरी सूत स्पष्ट शब्दांत मागितले. पेढीवरच्या गृहस्थांनी वहीतून मान वर न काढता, "सूत म्हणजे सूत, वहिनी. मागावर चालते ते तुमच्या मशीनला काय होणार?" असे म्हणून एकपदरी दहा नंबरचे कोन पुढे केले.

मागावर चालते ते मशीनला काय होते, हे मी त्यानंतर घरी पाहिले. मागावरच्या सुताला, विशेषतः ताण्याच्या (कापडातल्या उभ्या धाग्यांच्या) सुताला, भरपूर पीळ दिलेला असतो, कारण त्याला ओढ आणि घर्षण सोसायचे असते. होजिअरीच्या सुताला पीळ कमी असतो आणि सुईतून सहज सरकावे म्हणून त्याला मेणही लावलेले असते. माझ्या हाती आलेल्या सुतात पीळ इतका जिवंत होता की कोन आणि मशीन यांच्यामधला धागा क्षणभर सैल पडला तरी तो टेलिफोनच्या जुन्या वायरीसारखा स्वतःभोवती वळसे घेत असे, आणि ते वळसे चकतीत जाऊन अडकत. कसेबसे विणून झालेले कापड सुयांवरून उतरवले तेव्हा ते चौकोनी नव्हतेच. टाक्यांच्या उभ्या रांगा एका बाजूला कलल्या होत्या, आणि धुतल्यावर तो कल आणखी वाढला. अशा कापडाचा स्वेटर शिवला की बगलेची शिवण पोटावर येते. एकपदरी सुताच्या साध्या विणीत हे घडतेच. असे तीन धागे एकत्र लावल्याने फरक पडत नाही, कारण तिघांचाही पीळ एकाच दिशेचा असतो. पीळ शांत होतो तो दोन पदर उलट्या दिशेने एकमेकांभोवती वळून केलेल्या दुपदरी सुतात.

याच काळात प्रत्येकाने मशीनला दोष दिला, ही माझी दुसरी तक्रार आहे. मशीन दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी तर फोनवरच निदान केले की सुया दाबून धरणाऱ्या पट्टीतील स्पंज बसला असणार. हे निदान एरवी योग्य असते. जुन्या मशीनमधला स्पंज चपटा झाला की सुया वर उचलल्या जातात आणि टाके गळतात, म्हणून कोणत्याही धाग्याला नावे ठेवण्याआधी ती पट्टी ओढून पाहावीच. परंतु माझ्या मशीनचा स्पंज नुकताच बदललेला होता आणि त्याच सुयांवर ॲक्रिलिक निर्वेध चालत होते, त्यामुळे दोष सुताचाच आहे हे मला ठाऊक होते. ते दुसऱ्यांना पटवण्यात गेलेला वेळ मला अजून सलतो.

पुढच्या खेपेला त्याच पेढीवरून, यावेळी आवाज थोडा चढवून, दुपदरी वीस नंबरचे सूत आणले. कोनच्या आतल्या पुठ्ठ्यावर काहीही लिहिलेले नव्हते आणि बिलावर फक्त 'कॉटन यार्न' एवढेच होते. दुपदरी वीस, म्हणजे 2/20, तीन धागे लावले तर मशीनला नेमके बसायला हवे. विणलेले कापड मात्र जाळीसारखे विरळ होते. तेव्हा सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा मी मागवला. दोन खुर्च्यांच्या पाठींमधले अंतर मोजून त्यांच्याभोवती 50 मीटर सूत गुंडाळले आणि तोलले. कापसाचा काउंट, म्हणजे सुताचा हा नंबर, इंग्रजी पद्धतीचा असतो, म्हणजे एका पौंडात 840 यार्डांच्या किती लड्या बसतात तो आकडा. हिशेबासाठी एवढेच लक्षात ठेवावे की काउंटला पदरांच्या संख्येने भागून 1.69 ने गुणले की ग्रॅमला किती मीटर ते मिळते. दुपदरी वीसचे 16.9 मीटर येतात, म्हणून 50 मीटरचे वजन 2.95 ग्रॅम भरायला हवे होते. काट्यावर 1.97 ग्रॅम दिसले. म्हणजे ते सूत दुपदरी तीसचे होते. याला लबाडी म्हणावे तर तीही नव्हती, कारण बारीक सूत किलोमागे सहसा महागच पडते. ही निव्वळ बेफिकिरी होती, आणि माझ्या मते ती लबाडीहून अधिक त्रासदायक असते, कारण लबाडाला निदान आपण काय दिले हे माहीत असते.

येथे एक इशारा द्यायला हवा. ॲक्रिलिकचा बत्तीस आणि कापसाचा बत्तीस एक नव्हेत. ॲक्रिलिकचे 2/32 ग्रॅमला 16 मीटर भरते, तर कापसाचे 2/32 ग्रॅमला 27 मीटर. ॲक्रिलिकच्या सवयीने तेवढेच धागे लावले तर मच्छरदाणी तयार होते. दुकानदाराला हा फरक समजावण्याच्या भानगडीत पडू नये. आपला काटा आपल्यापाशी ठेवावा.

गाठ सुटली ती अनपेक्षित ठिकाणी. आमच्याकडे फाउंड्री पुष्कळ, आणि फाउंड्रीतल्या कामगारांना विणलेले सुती हातमोजे लागतात. असे हातमोजे मशीनवर विणणारे एक काका ओळखीतून भेटले. त्यांनी माझ्या कोनमधले हातभर सूत ओढले, त्याची दोन टोके जवळ आणली आणि मधला भाग लोंबता सोडला. सूत गरगर फिरून स्वतःभोवती दोरीसारखे गुंडाळले गेले. मग त्यांनी आपल्याकडचे दुपदरी सूत तसेच धरून दाखवले. ते शांतपणे लोंबत राहिले. "हे बघून घ्यायचं, मग पैसे द्यायचे," एवढेच ते म्हणाले. कोणत्याही दुकानात, कोणाचीही परवानगी न घेता करता येणारी ही परीक्षा आहे. त्यांच्याच ओळखीच्या दलालाकडून होजिअरीच्या 2/20 सुताचे सुटे कोन मिळाले आणि काट्यावर ते खरे उतरले.

योग्य सूत मिळाले तरी कापूस तो कापूसच. त्याला लोकरीसारखी लवचीकता नसते, त्यामुळे कॅरेज (सुयांवरून इकडून तिकडे सरकवायचा भाग) जड जाते आणि कडेचे टाके सुटतात. तीन धागे एकत्र लावताना ते तिन्ही सारख्या ताणाने यायला हवेत. एक जरी सैल असला तरी सुईची जीभ दोनच धागे पकडते आणि तिसऱ्याचा फास बाहेर लोंबतो. मी तिन्ही कोन जमिनीवर, मशीनच्या धागा वर नेणाऱ्या दांडीच्या अगदी खाली ठेवते आणि धागा जिथून वर जातो तिथे मेणबत्तीचा साधा तुकडा त्याला घासत राहील असा बांधते. टाक्याचा आकार ठरवणारा डायल ॲक्रिलिकपेक्षा एक ते दीड अंकाने सैल ठेवावा, दोन्ही कडांना पंजासारख्या आकड्यांची वजने टांगून ती दर वीस-पंचवीस ओळींनी वर सरकवावीत, आणि कॅरेज सावकाश फिरवावे. घाईने फिरवले तर हटकून टाका गळतो. कोरड्या हवेत सूत फटकन तुटते. ओले झाल्यावर कापसाची ताकद वाढते, म्हणून उन्हाळ्यात मी विणण्याच्या आदल्या रात्री कोनवर पाण्याचा हलका फवारा मारून तो ओलसर पंच्यात गुंडाळून ठेवते. पावसाळ्यात याची गरज पडत नाही. आमच्याकडचा आषाढ हे काम फुकट करतो. विणून झाल्यावर कॅरेजखालचा कापूस ब्रशने झाडावा, अन्यथा चार दिवसांनी सुया अडू लागतात आणि पुन्हा सगळे मशीनला नावे ठेवतात.

नमुन्याचा तुकडा विणल्याशिवाय माप काढू नये, हे मी सर्वांत आधी लिहायला हवे होते. 40 टाके आणि 60 ओळींचा भाग दुसऱ्या रंगाच्या धाग्याने खुणा करून विणावा, रात्रभर तसाच ठेवावा, मोजावा, आणि मग स्वेटर ज्या पद्धतीने धुतला जाणार त्याच पद्धतीने धुऊन, वाळवून पुन्हा मोजावा. माझ्या सुती तुकड्याच्या 60 ओळी आधी 15 सेंटिमीटर भरल्या, धुतल्यावर 13.6. रुंदी मात्र अर्ध्या सेंटिमीटरनेही कमी झाली नाही. म्हणजे बाळाच्या 28 सेंटिमीटर उंचीच्या स्वेटरसाठी मशीनवर जवळजवळ 31 सेंटिमीटर विणावे लागते, आणि हा हिशेब धुतलेल्या तुकड्यावरून ओळी मोजूनच करावा, विणतानाच्या लांबीवर पट्टी लावून नव्हे, कारण वजने टांगलेली असताना कापड ताणलेलेच दिसते.

दुपदरी तीसचे ते कोन मी परत केले नाहीत. पाच धागे लावून मशीनच्या मापाची जाडी येते खरी, पण पाचांवर लक्ष ठेवणे जिवावर येते. चार लावून, डायल जरा घट्ट करून त्यांची उन्हाळी टोपडी बरी होतात. मात्र एका टोपड्याला लागणारे सगळे सूत एकाच लॉटचे असावे. पांढरे सूतही लॉटगणिक किंचित पिवळसर किंवा निळसर निघते, आणि तो फरक विणताना दिवसाच्या उजेडातसुद्धा दिसत नाही, धुतल्यावर दिसतो. म्हणून आता प्रत्येक कोनच्या आतल्या पुठ्ठ्यावर घरी आल्याबरोबर काउंट, 50 मीटरचे वजन आणि खरेदीचा महिना मी स्केचपेनने लिहून टाकते.