पडवी नसलेली घरे

काल्पनिक जगात पाऊल ठेवले की बहुतेक खेळाडूंची नजर आकाशाकडे जाते, कारण ड्रॅगन तिकडून येतो. माझी मात्र आधी घरांच्या भिंतींकडे जाते. ही भिंत कशाची आहे, तो दगड कुठून आणला असेल, छपराला उतार किती दिला आहे आणि त्यावरून ओघळलेले पाणी पुढे कुठे जाते, एवढे पाहून झाल्याशिवाय मला तिथल्या राजावर कोसळलेल्या संकटात रस वाटत नाही. फँटसी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे काल्पनिक जगातल्या एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे व्हिडिओ गेम, खेळण्याची ही रीत विक्षिप्त आहे हे मान्य, पण दक्षिण कोकणात राहणाऱ्याला ती नकळत लागते. आमच्याकडे लक्षावधी वर्षे पाऊस मुरून मूळच्या खडकातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले आणि सड्यांवर तांबडा, सच्छिद्र जांभा तयार झाला. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो आणि उन्हावाऱ्यात कडक होतो, म्हणून त्याचे चिरे सहज पाडता येतात. आणि म्हणूनच घर, विहीर, गडगा आणि देवळाचा चौथरा एकाच अंगाचे दिसतात. हा रंगमेळ कोणी कलादिग्दर्शकाने ठरवलेला नाही, तो पायाखालच्या जमिनीने ठरवला आहे.

गेमच्या कलाशैलीची चर्चा बहुधा ग्राफिक्सपाशी येऊन थांबते: पाने किती बारकाईने काढली आहेत, चिलखतावर उजेड कसा पडतो, पाण्यात प्रतिबिंब दिसते का. मला वाटते, चित्र वास्तवासारखे असणे ही एक गोष्ट झाली आणि चित्रातले सगळे काही एकाच मातीतून आल्यासारखे वाटणे ही दुसरी, आणि खेळाडूला त्या जगात धरून ठेवते ती दुसरी.

याचा साक्षात्कार मला आईमुळे झाला. 'द एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला 2006 सालचा 'ऑब्लिव्हियन' सुरू होता, बाहेर आषाढातली झड लागली होती आणि पडद्यावरही पाऊस कोसळत होता. माझ्या नायकासमोर एक देखणे युरोपीय धाटणीचे घर उभे होते, लाकडी चौकटींचे आणि उंच, सरळ भिंतींचे. आई चहा ठेवताना क्षणभर थांबली आणि म्हणाली, "इतको पाऊस पडता, आणि घराक पडवी नाय?" त्यानंतर मला ते शहर पूर्वीसारखे पाहता आले नाही. तिथला पाऊस कोणाच्या ओटीवर येत नव्हता, त्याच्यासाठी कोणी कौले परतली नव्हती आणि त्याच्यामुळे चिखलही होत नव्हता. तो सजावटीचा पाऊस होता. 'ऑब्लिव्हियन'ची राने स्पीडट्री नावाच्या सॉफ्टवेअरने उगवलेली आहेत आणि आपल्या काळात ती थक्क करणारी होती, यात शंका नाही. परंतु मालिकेच्या आधीच्या लेखनात, हा गेम जिथे घडतो तो सिरोडील प्रांत घनदाट उष्ण जंगलाचा म्हणून वर्णिलेला होता. गेम तयार होईपर्यंत त्याचे समशीतोष्ण हवामानातले, ओळखीचे आणि काहीसे सोज्ज्वळ वन होऊन बसले. आमच्या बाजूच्या माणसाला अशी जंगलतोड जरा जास्तच झोंबते.

त्याच मालिकेतला आधीचा, 2002 सालचा 'मोरोविंड' मात्र पहिल्या तासाभरातच पटतो, आणि तो तर कशासारखाच दिसत नाही. तो जिथे घडतो ते व्हार्डनफेल हे ज्वालामुखीचे बेट आहे. मध्यभागी रेड माउंटन, त्याच्याभोवती राखेचे माळ आणि किनाऱ्याकडे दलदल. राखेचे वादळ उठले की रस्त्यावरची माणसे हात उचलून चेहरा झाकतात. एवढी एक हालचाल त्या हवामानाला खरे करून टाकते. या राखेच्या मुलखात आल्ड-रून नावाचे शहर आहे. तिथली घरे किड्याच्या कवचासारखी गोलसर, पाठ करून बसलेली आहेत, आणि शहराचे मुख्य सभागृह एका प्राचीन महाकाय खेकड्याच्या रिकाम्या कवचात वसवलेले आहे. कुर्ल्यांच्या नांग्या फोडत मोठे झालेल्यांना ही कल्पना पचवायला फारसा वेळ लागत नाही. बेटाच्या पूर्वेला तेल्वान्नी घराण्याचे जादूगार राहतात. ते घर बांधत नाहीत, राक्षसी अळंब्या वाढवतात आणि त्यांच्या पोटात राहतात. त्यांच्या काही मनोऱ्यांत वर जायला जिनाच नाही, कारण ज्याला हवेत तरंगता येत नाही त्याला भेटण्याची त्या जादूगारांना इच्छा नाही. वास्तुरचनेतून स्वभाव सांगण्याचे इतके नेमके उदाहरण मला इतर गेममध्ये क्वचितच सापडले. दगडाचे, चौकोनी, परके दिसणारे किल्ले तिथे आहेत, पण ते बाहेरून आलेल्या साम्राज्याचे; ते विसंगत दिसतात आणि विसंगतच दिसले पाहिजेत.

या जगाच्या रचनेला आणखी एक कारण आहे, आणि ते तांत्रिक म्हणून दुर्लक्षिले जाते. 'मोरोविंड'मध्ये कामगिरीचे ठिकाण मॅपवर बाण दाखवून सांगितले जात नाही. गावातला माणूस तोंडाने वाट सांगतो, ती डायरीत उतरते आणि मग आपण तो पूल, तो फाटा, तो सुळका शोधत फिरतो. आमच्या वाडीत पाहुण्याला वाट सांगतात तीही अशीच: वडाकडून खाली उतरा, व्हाळ ओलांडा, गडग्याच्या कडेकडेने जा आणि पाणंद संपली की हाक मारा. अशी वाट सांगता यावी म्हणून जगातली प्रत्येक खूण वेगळी आणि लक्षात राहणारी असावी लागते. 'ऑब्लिव्हियन'पासून होकायंत्रावर बाण आला आणि खेळाडू पडद्याच्या कडेकडे पाहत चालू लागला. मग दोन टेकड्या एकसारख्या दिसल्या तरी कोणाचे काही अडेनासे झाले. 2011 च्या 'स्कायरिम'ने दगडी कमानीवर उभारलेले सॉलिट्यूड आणि जुन्या भूमिगत संस्कृतीच्या अवशेषांत वसलेले मार्कार्थ देऊन बरीच भरपाई केली, हे सांगायला हवे.

'मोरोविंड'च्याच वर्षअखेरीस जपानमध्ये झेल्डा मालिकेतला 'द विंड वेकर' आला. काटेकोर अर्थाने तो रोल-प्लेइंग गेम नाही, पण या चर्चेत त्याला वगळणे अन्याय्य ठरेल. त्याची कार्टूनसारखी, सपाट रंगांची शैली आधीच्या वर्षी पहिल्यांदा दाखवली गेली तेव्हा चाहत्यांनी नाके मुरडली होती. आज पाहिले तर त्या काळातल्या वास्तवदर्शी गेममधले चेहरे लाकडी वाटतात, आणि 'विंड वेकर'चा समुद्र मात्र तसाच टवटवीत आहे, कारण त्याने खऱ्या पाण्याशी स्पर्धाच केली नव्हती. शिवाय त्या जगातली बेटे उगाच पसरलेली नाहीत. जुने राज्य पाण्याखाली गेले आहे आणि बेटे म्हणजे त्याच्या डोंगरांची वर उरलेली टोके आहेत. वास्तवदर्शी शैलीतही असा कार्यकारणभाव जपता येतो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने 2015 मध्ये केलेल्या 'द विचर 3'मधला वारा मला त्यासाठी आवडतो. त्यातल्या वेलेन प्रदेशाच्या दलदलीत झाडे नुसती हलत नाहीत, ती झोडपली जातात, आणि ते पाहिल्यावर तिथल्या बुटक्या, चिखलाने माखलेल्या झोपड्यांचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

'डार्क सोल्स'चे कौशल्य निराळे आहे. 2011 च्या त्या गेममध्ये जग आडवे पसरत नाही, उभे रचलेले आहे. चढत, मरत, पुन्हा चढत आपण एका पडक्या चर्चपर्यंत पोचतो, तिथल्या लिफ्टमध्ये बसतो, आणि ती खाली उतरून आपल्याला सुरुवातीच्या फायरलिंक श्राइनपाशीच सोडते. सारा भूगोल डोक्यात एकदम जुळतो. मला तेव्हा सिंधुदुर्ग आठवला. 1664 मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्याचा मुख्य दरवाजा बुरुजांच्या वळणात असा लपवला आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत तटबंदी सलगच वाटते. शत्रूसाठी केलेली ही योजना आजच्या पर्यटकालाही तोच अनुभव देते. लेव्हल डिझाइन, म्हणजे गेममधल्या जागांची रचना, शिकणाऱ्या मुलांना मालवणला आणून होडीत बसवावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

समुद्राच्या माणसाला सर्वांत जवळचा वाटावा असा गेम म्हणजे 2018 चा 'पिलर्स ऑफ इटर्निटी 2: डेडफायर'. त्यात उष्ण कटिबंधातला द्वीपसमूह आहे, हुआना नावाचे स्थानिक लोक आहेत, आणि त्यांच्या बंदरांवर डोळा ठेवून बसलेल्या, एकमेकींच्या वैरी असलेल्या व्यापारी कंपन्या आहेत. हुआनांच्या रूपात पॉलिनेशियाची छाया दिसते, तर त्यांतली एक कंपनी चालवणाऱ्या वायलियनांच्या थाटात रेनेसाँकालीन इटलीची. नेकेटाका हे मुख्य शहर डोंगरउतारावर थराथरांनी चढत जाते. राणी वर आणि सर्वांत खालच्या जातीचे लोक तळाच्या विवरात. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातल्या डच वखारीचे अवशेष पाहिलेल्याला बंदरातली परकी इमारत काय सांगते, हे वेगळे शिकवावे लागत नाही. हा गेम तिरप्या कोनातून, आधीच रंगवून ठेवलेल्या पार्श्वभूमीवर चालतो, त्यामुळे तिथे कॅमेरा फिरवून डोंगरामागे डोकावता येत नाही. मला ती उणीव वाटली नाही, उलट प्रत्येक घाट आणि प्रत्येक धक्का कोणीतरी हाताने मांडल्याचे समाधान मिळाले.

2023 च्या झेल्डामध्ये, म्हणजे 'टिअर्स ऑफ द किंग्डम'मध्ये, आकाशातून खाली झेपावताना जमिनीवर कोरलेली प्रचंड चित्रे दिसतात. ती सुंदर आहेत, पण ती गवतावर कुठेही उमटू शकतात. आमच्या सड्यांवरची कातळशिल्पे मातीचा थर पातळ, कातळ उघडा, अशाच जागी आहेत. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली तरी त्यांतली मोठी शिल्पे जवळ उभे राहून नीट उमगत नाहीत. ज्यांनी ती कोरली त्यांच्याकडे झेपावायला आकाश नव्हते, आणि म्हणून मला त्यांचे कोडे जास्त मोठे वाटते.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' हा गेम आणला तेव्हा आपल्याकडचे जग पहिल्यांदाच इतक्या नेटकेपणाने पडद्यावर आले. तोही रोल-प्लेइंग नाही, पण राजस्थानी वास्तू आणि लघुचित्रांचे रंग त्यात एकमेकांना ओळखतात. उद्या कोणी कोकण घेतले, तर माड, होड्या आणि सूर्यास्त एवढ्यावर भागणार नाही. गावाच्या सीमेवर रात्री फिरून चपला झिजवणारा आरवलीचा वेतोबा त्यात असावा लागेल, पावसाळ्यात खेळाडूचा वेग निम्मा करणाऱ्या निसरड्या पाणंदी असाव्या लागतील, आणि चकवाही. तिन्हीसांजेनंतर रानात शिरलेल्या खेळाडूला होकायंत्रावरचा बाण त्याच त्या आंब्याखाली पुन्हा पुन्हा आणून सोडेल, आणि सुटका हवी असेल तर त्याला बाण बंद करून वाट विचारायला माणूसच शोधावा लागेल.