चांदीच्या दरीतला काळा दगड

कार्लोवी वारीहून निघालेली बस ओस्त्रोव मागे टाकते आणि चढणीला लागते, तसे दोन्ही बाजूंचे डोंगर इतके जवळ येतात की पुढे गाव असेल असे वाटतच नाही. चेकियाच्या वायव्य कडेला, जर्मनीच्या सीमेलगत पसरलेल्या क्रुश्ने होरी या पर्वतरांगेतले याखिमोव अशाच एका अरुंद दरीत वसलेले आहे. गावाला लांबी आहे, रुंदी जवळजवळ नाही. खालच्या टोकाला औषधी स्नानांची हॉटेले, वरच्या टोकाला जुनी पेठ आणि मध्ये सतत चढत जाणारा रस्ता. त्याच्याही वर १,२४४ मीटर उंचीचे क्लीनोवेत्स, म्हणजे या रांगेतले सर्वोच्च शिखर.

आज येथे तीन हजारही माणसे राहत नाहीत. सोळाव्या शतकात मात्र हे बोहेमियातले, म्हणजे आजच्या चेकियाच्या पश्चिम भागातले, प्रागच्या खालोखाल मोठे शहर होते. चांदी सापडल्यावर सरदार श्टेपान श्लिक याने १५१६ साली सांक्ट योआखिमस्टाल, म्हणजे संत योआखिमची दरी, या नावाने ते वसवले आणि थोड्याच वर्षांत येथे नाणी पाडली जाऊ लागली. जुन्या टांकसाळीत आता संग्रहालय आहे. काचेमागचे ते नाणे मी बराच वेळ पाहत उभी होते : एका बाजूला संत योआखिम, दुसऱ्या बाजूला दोन शेपट्यांचा बोहेमियाचा सिंह, वजन साधारण अडीच तोळे. लोक त्याला ‘योआखिमस्टालर’ म्हणत. त्याचे ‘टालर’ झाले आणि टालरचे पुढे डॉलर. गावाला या गोष्टीचा मोठा अभिमान आहे आणि तो रास्तही आहे, पण मला स्वतःला चांदीपेक्षा चांदीबरोबर निघालेल्या टाकाऊ दगडाची कथा अधिक विलक्षण वाटते.

हा दगड काळा, जड आणि डांबरासारखा चकचकीत असतो. त्याच्या पिचब्लेंड या नावातल्या जर्मन ‘पेख’ शब्दाचे अर्थ दोन, डांबर आणि दुर्दैव. तो लागला की चांदीची शीर संपली, असे खाणकामगार समजत. एकोणिसाव्या शतकात काच आणि चिनी मातीची भांडी रंगवण्यासाठी त्यातून युरेनियम काढू लागले, आणि उरलेला गाळ पाइनच्या झाडांखाली टाकून दिला जाई. मारी क्युरी यांनी पॅरिसला मागवला तो हाच गाळ. पोत्यांतून तपकिरी माती आली, तिच्यात पाइनची पाने मिसळलेली होती. १८९८ साली त्यांनी आणि पिएर क्युरी यांनी याच पिचब्लेंडच्या अभ्यासातून पोलोनियम आणि रेडियम यांचा शोध जाहीर केला होता. शुद्ध रेडियम वेगळे करण्यासाठी पुढे असा गाळ टनांनी लागला.

त्यानंतर गावाचे दैव पुन्हा पालटले. १९०६ मध्ये किरणोत्सारी पाण्याची स्नाने सुरू झाली आणि १९१२ मध्ये ‘रेडियम पॅलेस’ हे भव्य हॉटेल उभे राहिले. सोळाव्या शतकातली स्वोर्नोस्त खाण आजही चालू आहे, फक्त आता तिच्यातून धातू नव्हे, तर सुमारे ५०० मीटर खोलीवरून स्नानांसाठी रेडॉन या किरणोत्सारी वायूने युक्त पाणी वर येते. हॉटेलच्या पायऱ्यांवर पांढऱ्या झग्यातली वृद्ध मंडळी सांधेदुखीच्या गप्पा मारत बसलेली दिसली, तेव्हा मला थोडे बिचकल्यासारखे झाले, हे कबूल करते.

कारण या रमणीय दृश्याला लागूनच एक काळा कालखंड आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर येथल्या जर्मनभाषक रहिवाशांना हाकलून देण्यात आले. खाणींतले युरेनियम सोव्हिएत संघाकडे जाऊ लागले आणि ते काढण्यासाठी कम्युनिस्ट राजवटीने राजकीय कैद्यांना आणून सभोवार छावण्या वसवल्या. परतताना मी ओस्त्रोवला उतरले, ते विक्मानोवचा विटांचा सात मजली मनोरा पाहण्यासाठी. तेथे कैदी कोणत्याही संरक्षणाविना खनिज दळत आणि पिंपांत भरत. त्याला ‘मृत्यूचा मनोरा’ म्हणतात. २०१९ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या क्रुश्ने होरी खाणप्रदेशाचा भाग आहे. मनोऱ्याभोवती गवत गुडघाभर वाढले होते, आणि माझी बस यायला अजून चाळीस मिनिटे होती.